सिस्टर, गोळी द्या

कारखान्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सिस्टर, गोळी द्या." डोकं धरलंय, अंग ठणकतंय, पित्त झालंय, खोकला येतोय. गोळी द्यायची, रजिस्टरवर सही घ्यायची, दोन मिनिटांत माणूस परत मशीनवर. सुपरवायझरला हे सोयीचं असतं आणि कामगारालाही, कारण पीस मोजून इन्सेंटिव्ह ठरतो. मी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत परिचारिका आहे. या दोन मिनिटांच्या कारभाराशी माझं भांडण जुनं आहे. त्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो: तू कुठल्या खात्यात आहेस, आणि तिथे हाताने नेमकं काय करतोस?

हा प्रश्न वैद्यकाला नवा नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होऊन गेले. १७०० साली त्यांनी कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि सांगितलं, की रुग्णाला जे काही विचारता त्यात त्याचा धंदाही विचारा. आज तीनशे वर्षांनी आमच्या कामगारांचे बाहेरचे केसपेपर मी बघते, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढंच लिहिलेलं असतं. बँकेत बसणाऱ्याची नोकरी आणि फेटलिंगमध्ये ग्राइंडर धरणाऱ्याची नोकरी कागदावर एकच होऊन जाते.

फेटलिंग म्हणजे काय, ते सांगायला हवं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या आमच्या औद्योगिक वसाहतींत लोखंडाचं ओतकाम मोठं आहे. इंजिनांचे, पंपांचे, ट्रॅक्टरचे भाग इथे ओतले जातात. सिलिका वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी कालवून साचा तयार करतात. वस्तूत जिथे पोकळी हवी तिथे वाळूचाच कोअर बसवतात. भट्टीतला चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला रस लॅडलने साच्यात ओततात. गार झाल्यावर नॉकआउटवर साचा हलवून फोडतात आणि कास्टिंगला चिकटलेली वाळू, वाढलेल्या कडा ग्राइंडरने घासून काढतात. हे शेवटचं काम म्हणजे फेटलिंग.

वाळू ओली असते तोवर धूळ उडत नाही. रसाच्या उष्णतेने ती कोरडी पडते, दाणे फुटतात, आणि मग नॉकआउट आणि फेटलिंगमध्ये तिचा धुरळा होतो. डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकात, घशात अडकते आणि थुंकीवाटे पडून जाते. घात करतात ते न दिसणारे, चार-पाच मायक्रॉनहून बारीक कण. ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांत जाऊन बसतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांना गिळायला आलेल्या पेशी मरतात, व्रण पडत जातात, फुप्फुस कडक होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. झालेलं नुकसान भरून येत नाही. माणसाला धुळीतून बाहेर काढल्यावरही आजार पुढे सरकू शकतो आणि तो बरा करणारं औषध नाही.

खोकला, धाप, घटणारं वजन, एक्स-रेवरचे डाग ही सगळी लक्षणं क्षयासारखीच. गुंता असा, की सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे कधी दोन्ही आजार एकत्र सापडतात. फेटलिंगमधला एक जण माझ्याकडे आला. "खोकला जाईना झालाय बघा सिस्टर, गोळ्या खाऊन तोंड कडू पडलं." बाहेर दोन वेळा त्याला क्षयाचा कोर्स दिला होता. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. फाइल जाड होती, पण त्याच्या कामाबद्दल तीत एक शब्द नव्हता. मी एका कागदावर लिहून दिलं: किती वर्षं फेटलिंग, कुठला ग्राइंडर, कोरडी सिलिका धूळ, तोंडाला फक्त रुमाल. तो कागद घेऊन तो छातीच्या डॉक्टरांकडे गेला. तोच एक्स-रे त्यांनी पुन्हा दिव्यावर लावला आणि त्यांना त्यात सिलिकोसिस दिसला.

पुढचे सगळे मार्ग त्या निदानानंतरच उघडतात. असा रोग आढळला तर डॉक्टरांनी मुख्य निरीक्षकांना कळवायचं, ही कायद्यातली तरतूद आहे. कामगार राज्य विम्याच्या यादीत सिलिकोसिस व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे, म्हणून त्यातून आलेल्या अपंगत्वाचा लाभ मिळू शकतो. केसपेपरवर नुसता 'क्षय' लिहिला असेल तर यातलं काहीच मिळत नाही. माणूस क्षयाच्या गोळ्या खात त्याच ग्राइंडरवर उभा राहतो.

या अनुभवानंतर मी दवाखान्याच्या रजिस्टरात दोन रकाने वाढवले, खातं आणि काम. खर्च काहीच नव्हता. आधी तारीख, नाव, तक्रार, औषध एवढंच असायचं, आणि अशा नोंदींतून वर्षाअखेरीला क्रोसिन किती संपली एवढंच कळायचं. खातं लिहायला लागल्यावर काही महिन्यांत दिसू लागलं, की डोळ्यात कण गेलेले जवळजवळ सगळे फेटलिंगच्या एकाच रांगेतले आहेत, कारण तिथे दोन ग्राइंडर समोरासमोर होते आणि एकाच्या ठिणग्या दुसऱ्याच्या तोंडावर जात होत्या. मध्ये पत्र्याचा आडोसा उभा केल्यावर त्या रांगेतून येणारे डोळे कमी झाले. कुठल्याही ड्रॉप्सनी ते झालं नसतं.

कोअर शॉपचं तर मला आजही वाईट वाटतं. तिथे बायका जास्त आहेत. शेल कोअरची वाळू रेझिन लावलेली असते, ती तापली की उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात, याची तक्रार असायचीच. पण रजिस्टरात त्या खात्यासमोर पुन्हा पुन्हा दिसत होती ती लघवीची जळजळ. मी गोळ्या देत होते, महिन्याभराने तीच बाई परत येत होती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात जाऊन बसले. बोलणं निघायला वेळ लागला. एक मावशी म्हणाली, "पाणी पिऊन करायचं काय? जायचं कुठं?" स्वच्छतागृह शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं, वाट मोल्डिंगमधून पुरुषांच्या समोरून जात होती, कडी नीट लागत नव्हती, आणि पाळीतून दोनदा उठलं तर सुपरवायझर वेळ विचारत होता. म्हणून त्या सकाळी घरून निघाल्यापासून पाणीच पीत नव्हत्या, आणि तेही वितळणाऱ्या रेझिनच्या उष्णतेत उभं राहून. हा आजार माझ्या कपाटातल्या कुठल्याच औषधाने जाणार नव्हता. मी रजिस्टरची पानं सेफ्टी कमिटीपुढे ठेवली. कोअर शॉपच्या मागच्या भिंतीला लागून दोन संडास, आतून कडी, पाण्याचा नळ, आणि उठण्यासाठी कुणाची परवानगी लागणार नाही असा फलक, एवढं झालं. कामाच्या ठिकाणचं आरोग्य म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी ही कडी दाखवीन.

औषधाआधी कामाची जागा बदलायची, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, आणि धुळीच्या बाबतीत तर तो उलटा केला जातो. धूळ आहे म्हटलं की पहिली खरेदी मास्कची होते. मास्क सर्वांत शेवटी यायला हवा. आधी बघायचं की वाळू पाण्याचा फवारा मारून ओली ठेवता येते का, ग्राइंडरपाशीच धूळ ओढून घेणारा हूड लावता येतो का, जमीन झाडण्याऐवजी व्हॅक्यूमने साफ करता येते का. आणि एक सवय तर आजच्या आज बंद करायला हवी. पाळी संपली की आमची पोरं कॉम्प्रेसरच्या हवेचा पाइप घेऊन अंगावरचे कपडे झटकतात. कपड्यांवर बसलेली बारीक सिलिका त्यामुळे पुन्हा नाकासमोर उडते, शिवाय ती हवा डोळ्यात, कानात शिरून इजा होते ती वेगळीच. हे सगळं करून उरलेल्या धुळीसाठी मास्क, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. गमछ्याने किंवा रुमालाने ते बारीक कण अडत नाहीत. दाढी असेल तर एन-९५ सुद्धा कडेने उघडा राहतो.

उन्हाळ्यात भट्टीपाशी आणखी एक गोष्ट घडते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि तेवढे दिवस सुट्टीवर गेलं की ती सवय मोडतेही. आमच्याकडे ओतकामावर बिहार, झारखंड, ओडिशाकडची मुलं पुष्कळ आहेत. एप्रिल-मे महिन्यात घरची लग्नं उरकून ती परत येतात, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी लॅडलवर उभी राहतात. पायात गोळे येऊन किंवा चक्कर येऊन पडणारे बहुधा हे असतात. जुना माणूस आहे, त्याला काय होतंय, असं समजू नये. पहिले काही दिवस त्याला भट्टीपासून लांबचं किंवा कमी वेळाचं काम द्यावं, हे मी सुपरवायझरना दर उन्हाळ्यात सांगते. आणि कुणी भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या नळाखाली धरावं. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतलं काहीही लावू नये. पण पाणी भट्टीजवळ आणू नये, वितळलेल्या लोखंडावर पाणी पडलं तर स्फोट होतो. माणसाला पाण्याकडे न्यायचं.

आता वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीविषयी. फाउंड्री हा उद्योग १९४८ च्या कारखाना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत धोकादायक म्हणून नोंदलेला होता. कामाला लावण्याआधी आणि नंतर दर बारा महिन्यांनी तपासणी, तिची नीट नोंद, आणि ती नोंद कामगाराला बघायला मिळणं हा त्या कायद्याने दिलेला हक्क होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी द्यायची आहे. चांगली गोष्ट आहे. पण तपासणी कशी होते ते मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. व्हॅन येते, रांग लागते, रक्त, एक्स-रे, फुंकायची टेस्ट, बंद खोलीऐवजी पंख्याच्या आवाजात कानांची टेस्ट, आणि महिन्याभराने पाकिटांचा गठ्ठा. तो गठ्ठा ऑडिटरला दाखवण्यासाठी कपाटात जातो. साखर तीनशे निघालेल्या माणसाला ती तीनशे आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

रिपोर्ट आल्यावरच खरं काम सुरू होतं. प्रत्येकाला एकट्याला बोलवायचं, त्याच्या भाषेत समजावायचं, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी या वर्षीचा लिहायचा. रात्रपाळीत साखरेच्या गोळीची वेळ कशी बदलायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं, कारण 'जेवणाआधी' लिहिलेली गोळी रात्रपाळीतला माणूस पहाटे चारला डबा खाण्याआधी घ्यायची की घरी जाऊन, हे त्याला कुणी सांगत नाही आणि शेवटी तो ती घेतच नाही. तंबाखू खाणाऱ्याला तोंड उघडायला सांगायचं. तीन बोटं उभी मावत नसतील तर दंतवैद्याकडे पाठवायला त्या दिवसाचाही उशीर करायचा नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरीही तीन बोटं न मावणारी तोंडं मी दर वर्षी पाहते, आणि त्यांतली काही पंचविशीतली असतात.

कामगार मात्र तपासणीला घाबरतो, आणि त्याची भीती खरी आहे. बीपी निघालं तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. म्हणून तो रांगेत दुसऱ्याला उभा करतो, किंवा त्या दिवशी दांडी मारतो. यावर उपदेश उपयोगाचा नाही, गुप्तता हवी. रिपोर्ट कामगाराचा. व्यवस्थापनाला फक्त तीनच गोष्टी कळायला हव्यात: कामाला योग्य, अमुक बदल केल्यास योग्य, किंवा सध्या योग्य नाही. का, ते त्यांना सांगायचं नाही. मी हे नियम छापून दारावर लावले. एचआरच्या माणसाने पूर्ण यादी मागितली, तेव्हा कारखान्याच्या डॉक्टरांनी माझ्या बाजूने ठाम नकार दिला. त्यानंतर जी माणसं इतकी वर्षं बीपी लपवत होती, ती स्वतःहून पट्टा बांधायला येऊ लागली.

कानांचं नुकसान असंच हळूहळू होतं. गोंगाटामुळे जाणारी श्रवणशक्ती आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जाते, बोलण्यातले बारीक उच्चार हुकू लागतात, आणि तक्रार घेऊन येते ती बायको: हे टीव्ही फार मोठा लावतात. टेस्ट सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी घ्यायला हवी, नाहीतर आदल्या रात्रीच्या आवाजाने तात्पुरता बधिर झालेला कान खोटा आकडा देतो. आपल्या नियमांत ९० डेसिबल आवाजात आठ तास, ९५ मध्ये चार तास, १०० मध्ये दोन तास अशी मर्यादा आहे. हे सगळे आकडे आठ तासांच्या दिवसावर बेतलेले आहेत, आणि धुळीचेही.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली, तेव्हा मला आधी ग्राइंडरसमोरची माणसं आठवली. तास वाढले तर आवाजाची आणि धुळीची परवानगी त्या प्रमाणात खाली यायला हवी. शिवाय शरीराला उसंतीचे तासही कमी मिळतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. मला ती या देशातल्या कामगारांच्या आरोग्याची पहिली मोठी तरतूद वाटते.

दुसरी मोठी तरतूद म्हणजे कामगार राज्य विमा, सगळे ईएसआय म्हणतात ती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात श्रममंत्री असताना प्रा. बी. पी. आडारकरांनी तिचा अहवाल १९४४ मध्ये दिला, कायदा १९४८ मध्ये झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आज कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. त्या बदल्यात त्याला आणि कुटुंबाला उपचार मिळतात, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत ९० टक्के वेतन, आणि बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण वेतन. पगारातून कपात होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ७० टक्के मिळतात हे मी सांगते तेव्हा अनेकजण पहिल्यांदा ऐकतात. टायफॉइड झालेला मुलगा खाडा पडू नये म्हणून तापात कामावर येतो, कारण रजेचे पैसे मिळतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे, ही अट मात्र ठेक्यावरच्या मुलांना नडते. ठेकेदार दर काही महिन्यांनी नाव बदलतो, खंड पडतो, आणि नेमका आजारी पडल्यावर तो पात्र नसतो. दुसऱ्या टोकाला महिना २१,००० रुपयांची मर्यादा आहे. २०१७ पासून ती तिथेच आहे. थोडी पगारवाढ झाली की जुना अनुभवी कामगार योजनेबाहेर जातो, आणि धुळीत सर्वांत जास्त वर्षं काढलेला माणूस तोच असतो. ही मर्यादा वाढवायलाच हवी, आणि वाढेपर्यंत निदान धोकादायक खात्यांतल्या लोकांना तिच्यातून सूट द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिलिकोसिसला दिसायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. तोवर माणूस कारखाना बदलतो, किंवा निवृत्त होऊन गावी शेती करतो, आणि त्याचे एक्स-रे आमच्या कपाटात राहतात. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं होतं. कारखाने बंद पडतात, विकले जातात, कपाटं भंगारात जातात, म्हणून मला ती नोंद कामगाराच्या घरीही असावी असं वाटतं. आता काम सोडणाऱ्या प्रत्येकाला, तो ठेक्यावरचा असला तरी, मी एक पान देते. एका बाजूला मराठीत, खाली हिंदीत: कुठलं खातं, किती वर्षं, कुठली धूळ, किती आवाज, पहिल्या आणि शेवटच्या एक्स-रेची तारीख, फुंकायच्या टेस्टचे आणि कानांचे आकडे. डॉक्टरांची सही आणि शिक्का. पान लॅमिनेट करू नका, असं मी बजावून सांगते. मागची बाजू पुढच्या डॉक्टरांनी लिहायला कोरी ठेवलेली आहे.